कण्याजवळची काळी दोरी

बशी कोरी होती.

यामिनीने ती झाकणासकट उचलून खिडकीपाशी नेली, तिरकी धरली, डोळे बारीक केले. तळहाताएवढी काचेची बशी, तिच्यात पिवळसर जेली, आणि जेलीवर एक टिंबसुद्धा नाही. काल अशीच होती, आजही अशीच. त्याच खिडकीतून बाहेर पाहिलं की धक्क्यावर ओळीने मांडलेले मासे दिसत होते. त्रेचाळीस. सकाळी सातव्या पिंजऱ्यातून मोठीआईने ते उपसून काढले होते. पोटं फुगलेली, परांच्या मुळाशी लाल चट्टे, काहींचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले. ते कशाने तरी मेले होते हे उघड होतं. पण ते जे काही होतं, ते बशीच्या मते नव्हतंच.

“वैद्यबुवा, काहीच नसताना मेले का मासे?”

“नमुन्यात जिवाणू आढळले नाहीत,” वैद्यबुवा म्हणाले.

“हे त कालबी सांगतलं होतं तुमी.”

“कालही तेच खरं होतं.”

वैद्यबुवा हे नाव ऐकून कुणी धोतर नेसलेला म्हातारा डोळ्यांपुढे आणू नये. सन दोन हजार एक्केचाळीसची ही गोष्ट. वैद्यबुवा म्हणजे लोखंडी पेटीएवढा, सहा पायांचा, दोन बारीक हातांचा एक यंत्रमानव होता. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने त्याला सोमवारी पळसझरी जलाशयावर पाठवलं, तेव्हा त्याच्या पाठीवर ‘जलवैद्य-चार’ असं लिहिलेलं होतं. पण तो दर वाक्याआधी घसा खाकरल्यासारखा आवाज काढायचा आणि कुठल्याही प्रश्नाला घाईने उत्तर द्यायचा नाही, म्हणून मासे पाळणाऱ्या गटातल्या बायकांनी पहिल्या दिवशीच त्याचं बारसं उरकून टाकलं. माशांच्या खाद्याच्या पत्र्याच्या खोलीत, पोत्यांच्या मध्ये त्याने आपलं दुकान मांडलं होतं.

पळसझरी हा भंडारा जिल्ह्याच्या टोकाचा जलाशय. त्यात जाळीचे बारा तरंगते पिंजरे होते आणि एकेका पिंजऱ्यात तीन-तीन हजार तिलापिया मासे. हे पिंजरे मासेमारी करणाऱ्या धिवर समाजाच्या बारा बायकांचे. सातवा यामिनीच्या मोठीआईचा. मोठीआई म्हणजे यामिनीच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, निरुता वलथरे. यामिनी सहा महिन्यांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून अकरा वर्षं तिला मोठीआईनेच वाढवलं होतं.

वाढवलं खरं, पण वर्षातले सात-आठ महिनेच. पिंजरे नव्हते तेव्हा दर वर्षी धान निघालं की मुकादमाची गाडी यायची आणि गावातल्या बायका मिरची तोडायला तेलंगणात जायच्या, त्या थेट उन्हाळ्यात परतायच्या. इतकी यंत्रं आली, पण एकाच झाडावरची लाल मिरची तोडून हिरवी ठेवायचं काम अजून कुठल्या यंत्राला धड जमत नव्हतं. ते चार-पाच महिने यामिनी शेजारी जेवायची आणि दारात बसून दिवस मोजायची. पिंजरे आले आणि गेली दोन वर्षं मोठीआई कुठेच गेली नव्हती.

आणि आता हा रोग. जलाशय समितीचा नियम कडक होता. खालच्या बाजूला चाळीस गावांचे तलाव याच पाण्यावर भरायचे. इथे एखादा नवा, बाहेरून आलेला रोग शिरला असेल तर तो खाली उतरायला नको. म्हणून शनिवारी दुपारी बारापर्यंत कारण कळलं नाही, तर बाराही पिंजरे रिकामे करून मासे चुन्याच्या खड्ड्यात पुरायचे होते. आज बुधवार होता. पिंजरे रिकामे झाले की मोठीआई पुन्हा मुकादमाच्या गाडीत बसणार, हे यामिनीला कुणी सांगायची गरज नव्हती.

“तुमची बशीच बिघडली असन,” ती म्हणाली.

“शंका रास्त आहे,” वैद्यबुवा म्हणाले. त्यांना राग येत नसे, ही त्यांची एक मोठीच सोय होती. “तपासून पाहू. या नव्या बशीला बोट लाव.”

यामिनीने जेलीवर बोट टेकवलं. दुसऱ्या बशीत वैद्यबुवांनी जलाशयाच्या पाण्याचा एक थेंब पसरला. दोन्ही बश्या त्यांनी आपल्या पोटातल्या उबदार कप्प्यात ठेवल्या.

“ही जेली म्हणजे पोषक माध्यम (जिवाणूंचं खाणं मिसळून थिजवलेला थर). जिवाणू (एकाच पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे जीव) एकटा असला तर तुला कधीच दिसणार नाही. पण त्याला खाणं आणि ऊब मिळाली की साधारण अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. पुढच्या अर्ध्या तासात दोनाचे चार. दहा तासांनी किती, सांग.”

यामिनीने पोत्यावर खडूने आकडे मांडायला घेतले. वीस वेळा दुप्पट करायचं होतं. पंधराव्या दुपटीला पोतं संपलं, तेव्हा ती दुसऱ्या पोत्यावर गेली.

“दहा लाखाच्या वर!”

“बरोबर. जागचे न हलता सगळे एकमेकांना चिकटून वाढतात, म्हणून त्यांचा ठिपका होतो. त्याला वसाहत (एका जिवाणूपासून वाढलेली त्याच्याच वंशजांची गर्दी) म्हणतात. आपल्याला एकटा दिसत नाही, म्हणून आपण त्याचं खानदान वाढू देतो आणि ते पाहतो.”

गुरुवारी सकाळी माशांची तिसरी बशी निघाली, तीही कोरी. पण यामिनीच्या बोटाच्या बशीत पांढरे-पिवळे सतरा ठिपके उगवले होते. ते पाहून तिने बोट फ्रॉकला तीनदा पुसलं. आणि पाण्याच्या थेंबाची बशी तर ठिपक्यांनी गच्च भरली होती. लहान, मोठे, चकचकीत, सुरकुतलेले, पांढरे, भगवे.

“म्हणजे बश्या शाबूत आहेत,” वैद्यबुवा म्हणाले.

यामिनी दोन्ही बश्यांकडे आळीपाळीने पाहत राहिली. काहीतरी खटकत होतं. तिने पाण्याची बशी माशाच्या बशीशेजारी ठेवली.

“वैद्यबुवा, एका थेंबात इतके जिवाणू. मासा त रात्रंदिवस याच पान्यात रायते. मंग त्याच्या अंगात एकबी कसा नाई? मेलेला सोडा, जित्या माशातबी इतका चोखपना नसन.”

वैद्यबुवांच्या अंगावरचा हिरवा दिवा लुकलुकला. “हा प्रश्न मी विचारायला हवा होता,” ते म्हणाले. “मात्र एक दुरुस्ती. माशाच्या कातडीवर जिवाणू असतात, आतड्यात तर पुष्कळच असतात. पण निरोगी माशाच्या आत काही जागा खरोखर स्वच्छ असतात. त्यातली एक म्हणजे मूत्रपिंड (रक्त गाळून साफ करणारा अवयव). रोगाचा जिवाणू रक्तात शिरला की तिथे येऊन अडकतो. म्हणून मी सुई तिथेच लावतो.”

“हे मूत्रपिंड असते कुठं?”

“पोटाच्या पोकळीत अगदी वर, पाठीच्या कण्याला चिकटून. काळपट लाल रंगाची लांब पट्टी असते.”

बाहेरून मोठीआईने हाक मारली. आजचा नमुना तयार होत आला होता, तो वैद्यबुवांकडे न्यायला डबा हवा होता.

मोठीआई धक्क्याच्या पायरीवर पावशी घेऊन बसली होती. पावशी म्हणजे पाटाला उभं पातं लावलेली, घरोघरी भाजी चिरायची तीच. शेजारी राखेची वाटी, हळद-मीठ कालवलेलं पाणी आणि पाच मासे. मासा हातातून निसटू नये म्हणून राख लावायची, पोटाला एक सरळ चीर द्यायची, आतलं सगळं एका झटक्यात बाहेर काढायचं आणि मग अंगठ्याचं नख आतून कण्यावर वरपासून खालपर्यंत ओढायचं. तसं नख ओढलं की एक काळी दोरी निघून येते. ती राहिली तर रश्शाला चिखलट वास लागतो, हे पळसझरीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्यानंतर हळद-मिठाच्या पाण्याने तीनदा खळखळून धुवायचं. यामिनीने हे जन्मापासून पाहिलं होतं. सोमवारी, मंगळवारी, बुधवारीही पाहिलं होतं, आणि पाहूनही पाहिलं नव्हतं. रोज डोळ्यांसमोर होणाऱ्या गोष्टीचं असंच होतं.

मोठीआईच्या नखाखालून काळी दोरी सुटली आणि पाण्यात पडली. काळपट लाल. लांब. कण्याला चिकटून असलेली.

यामिनीने वाकून ती पाण्यातून उचलली.

“मोठीआई,” ती म्हणाली, आणि पुढचं तिला सांगवेना. चार दिवस ही बाई पहाटे उठून, रडत रडत मेलेले मासे उपसून, त्यातले बरे पाच निवडून इतक्या मायेने तयार करत होती. “मोठीआई, तू हे मासे साफ काहून करतेस?”

“म्हंजे? कोनाच्या घरी न धुतलेला मासा पाठवतेत का? आन सरकारी पाहुन्याकडं? लोक म्हनतीन, धिवराच्या बाईले मासा कापता येत नाई.”

“पन वैद्यबुवाले तेच पायजे. ते काळी दोरी. रोग तिथंच लपून बसते म्हने. आपन रोज काढून फेकून रायलो, वरून हळद-मीठ लावून रायलो.”

मोठीआईचा हात थांबला. हातातल्या माशाकडे, मग पाण्याकडे तिने पाहिलं. तिचा चेहरा एकदम उतरला, आणि यामिनीला वाटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

“चार दिवस,” मोठीआई हळूच म्हणाली. “माह्याच हातानं मी त्याले लपवलं वो.”

खोलीत मात्र वैद्यबुवांनी दोष वाटून घेतला. “माझ्या यादीत पाचवी पायरी पोट उघडणे, सहावी सुई लावणे अशी आहे,” ते म्हणाले. “पोट उघडलेलं दिसलं, म्हणून कुणा प्रशिक्षित मदतनिसाने पाचवी पायरी पार पाडली असं मी धरून चाललो. आत काय उरलंय ते पाहिलंच नाही. सुई रोज धुतलेल्या हाडाला लागत होती. निरुताबाई, चूक माझी. आपण फार उत्तम साफ केलं होतं.”

“लागला मोठा समजूत घालाले,” मोठीआई म्हणाली, पण तिचा उतरलेला चेहरा थोडा सावरला.

आता नियम ठरले. मेलेला मासा नको, कारण मेल्यावर काही तासांत आतड्यातले जिवाणू सगळीकडे पसरतात आणि खरा दोषी गर्दीत हरवतो. आजारी पण जिवंत मासा हवा. तसे मासे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात सुस्त तरंगत असतात. यामिनीने होडीतून जाऊन हातजाळीने तीन पकडले. लवंगेचं तेल घातलेल्या पाण्यात त्यांना सोडलं, तसे ते हळूहळू गाढ झोपले, त्यांना पुढचं काही कळणार नव्हतं. मग वैद्यबुवांनी आपला बारीक हात पुढे केला आणि स्वतः पाचवी पायरी केली.

त्यांच्या पात्याचं टोक माशाच्या फुगलेल्या आतड्यात घुसलं. हिरवट पाणी बाहेर आलं. दुसऱ्या माशातही तेच झालं, तिसऱ्यातही. वैद्यबुवांचा हात कारखान्यात घडवलेला होता, त्याला निरोगी माशांची मापं शिकवलेली होती. फुगून तट्ट झालेल्या पोटाशी त्याची ओळख नव्हती.

शुक्रवारी सकाळी बशी कोरी नव्हती. ती इतकी भरली होती की पाण्याच्या थेंबाची बशी तिच्यापुढे रिकामी वाटावी. सगळ्या रंगांचे, सगळ्या आकारांचे ठिपके एकमेकांवर चढलेले. वैद्यबुवांनी त्यांची जनुकीय छाप (प्रत्येक जिवाणूच्या पेशीत लिहिलेली त्याची ओळख) वाचली आणि पडद्यावर एकतीस नावं उमटली.

तोवर चंद्रकला काकी येऊन थडकल्या होत्या. त्या गटाच्या अध्यक्ष. त्यांचा पिंजरा आठवा, सातव्याला लागूनच. काखेत पांढऱ्या पावडरीची थैली होती.

“एकतीस नावं घावली ना? मंग त्यातलं एक लिहून दे समितीले आन मोकळा हो!”

“कोणतं लिहू?” वैद्यबुवांनी विचारलं.

“कोनतंबी! रोगाचं नाव पायजे त्याइले.”

“यातलं एरोमोनास हे नाव मला संशयास्पद वाटतं. याच्यामुळे असे लाल चट्टे येतात. पण ते बुधवारच्या पाण्याच्या थेंबातही होतं, आणि निरोगी माशाच्या आतड्यातही असतं. समजा, बाजारात चोरी झाली आणि त्या दिवशी बाजारात एकतीस माणसं होती. बाजारात होता म्हणून तो चोर, असं म्हणता येईल का?”

“नाई,” यामिनी म्हणाली. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडत होता. “पन कुलूप लावलेल्या घरात एकटाच घावला, त मंग तोच! म्हंजे जिवाणू घावला येवढंच महत्त्वाचं नाई. कुठं घावला, हे महत्त्वाचं हाये. आन एकटा होता का, हे!”

“हेच,” वैद्यबुवा म्हणाले. “चार दिवसांत मी तुला जे नीट सांगू शकलो नाही, ते हेच.”

चंद्रकला काकींना या शास्त्राशी कर्तव्य नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आठव्या पिंजऱ्यातही आज दोन मासे मेले होते. “तुमचं शिकनं-शिकवनं होवू द्या. मी हे पावडर खाद्यात टाकतो. मागं एकदा कोनाले तरी गुन आला होता.”

“उद्या सकाळपर्यंत थांबा,” वैद्यबुवा म्हणाले. “प्रतिजैविक (जिवाणू मारणारं औषध) आज पोटात गेलं, तर उद्या बशीत अर्धवट मेलेले जिवाणू येतील आणि आपल्याला काहीच कळणार नाही. शिवाय ते याच जिवाणूवर चालतं का, हेही माहीत नाही.”

“आन उद्या बारा वाजता खड्डा खोदला त?”

मोठीआई उठली. “चंद्रकला, येक दिवस थांब. मासा मी कापतो.”

“आत काही धुवायचं नाही,” वैद्यबुवांनी बजावलं. “बाहेरून कातडी मात्र स्पिरिटने पुसायची. पातं आधी ज्योतीत धरून निर्जंतुक (एकही जिवाणू न उरलेलं) करायचं. आतड्याला धक्का लागता कामा नये.”

यामिनीने सातव्या पिंजऱ्यातून तीन आजारी मासे आणले आणि पाहणीसाठी बाकीच्या अकरा पिंजऱ्यांतून एकेक धडधाकट. सगळ्यांना लवंगेच्या पाण्यात झोपवलं. मोठीआईने कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. पावशीला हात न लावता तिने वैद्यबुवांनी दिलेलं लहान पातं घेतलं, ज्योतीत धरलं, आणि पहिल्या माशाच्या फुगलेल्या पोटावर इतकी हलकी चीर दिली की कातडी जणू आपणहूनच उघडली. आतडी जशीच्या तशी राहिली. चिमट्याने तिने ती अलगद बाजूला सारली. खाली कण्याला चिकटलेली काळी दोरी दिसली.

आणि सवयीने तिचा अंगठा पुढे गेला.

“मोठीआई!”

अंगठा हवेतच थांबला. मोठीआई स्वतःशीच हसली, थोडी रडवेलीही झाली. मग तिने हात मागे घेतला आणि वैद्यबुवांची सुई पुढे आली. दोरीला टोचून सुई बशीवर नागमोडी फिरली. असं चौदा वेळा झालं. दर वेळी मोठीआईचा डावा हात पाण्याच्या भांड्याकडे निघायचा आणि यामिनी तो धरून ठेवायची. एकदाही आतडं फुटलं नाही.

शनिवारी सकाळी वैद्यबुवांनी कप्पा उघडला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाराच्या बारा जणी आल्या होत्या. समितीची माणसं धक्क्यावर चुन्याची पोती उतरवत होती.

सातव्या पिंजऱ्याच्या तिन्ही बश्यांवर ठिपके होते. सगळे एकाच आकाराचे, गोल, मळकट पांढरे. दुसरा कुठलाही नव्हता. कुलूप लावलेल्या घरात एकटाच. वैद्यबुवांनी छाप वाचली आणि पडद्यावर एकच नाव आलं, एरोमोनास.

आठव्या पिंजऱ्याच्या बशीवर तेच चार ठिपके होते. बाकीच्या दहा बश्या कोऱ्या निघाल्या.

“या कोऱ्या बश्यांवर भरवसा ठेवायचा का?” समितीच्या अधिकारीणबाईंनी विचारलं. त्यांनी आधीचे कोरे अहवाल वाचलेले होते.

“ठेवायचा,” यामिनी म्हणाली, आणि सगळे आपल्याकडे पाहताहेत हे कळल्यावर तिचा आवाज जरा चाचरला. “तवा दोरीच नव्हती माशात. आता दोरी होती आन तरीबी काही उगवलं नाई. त्या दहा पिंजऱ्यातले मासे बरे हायेत.”

बाईंनी एकेक बशी उचलून उजेडात धरली. “म्हणजे हा बाहेरून आलेला रोग नाही?”

“नाही,” वैद्यबुवा म्हणाले. “हा जिवाणू या पाण्यात पहिल्यापासून आहे. खालच्या चाळीस तलावांतही असणार. धडधाकट माशाला तो काही करत नाही. मासा खरचटला, दाटीने हैराण झाला, की आत शिरतो.”

मोठीआईने मान खाली घातली. “माह्या पिंजऱ्यात दाटी हाये,” ती म्हणाली. “तीन हजारचं माप होतं. बोटायेवढी पिल्लं, बोटुकली, उरली होती, फेकून द्यावंसं वाटलं नाई. पाचशे जास्तीची सोडली मी.”

हे तिला कुणी विचारलेलं नव्हतं. अधिकारीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग बाहेर जाऊन माणसांना सांगितलं, “चुन्याची पोती परत गाडीत टाका.”

एकच काम उरलं होतं. वैद्यबुवांनी एका नव्या बशीवर तो जिवाणू सगळीकडे पसरला आणि वर सहा निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवल्या. त्यातल्या एका चकतीवर चंद्रकला काकींची पावडर होती. रविवारी बशी काढली तेव्हा दोन चकत्यांभोवती जिवाणूंनी मोकळं वर्तुळ सोडलं होतं, म्हणजे ती औषधं त्यांना मानवत नव्हती. काकींच्या पावडरीला मात्र ते अगदी बिलगून वाढले होते.

“मेल्यांनो, खाऊन रायले का तिले?” काकी म्हणाल्या. त्यांनी थैली काखेतून काढून कोपऱ्यात ठेवली आणि तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

मोकळं वर्तुळ पाडणाऱ्या दोन औषधांपैकी एक ठरलेल्या मापाने सातव्या आणि आठव्या पिंजऱ्याच्या खाद्यात मिसळायचं होतं. औषध संपल्यावर ठरलेले दिवस उलटेपर्यंत त्यातला मासा विकायचा नव्हता. मोठीआईने पाचशे मासे उपसून रिकाम्या जाळीत वेगळे केले. अगदी खंगलेले खाद्याकडे वळत नव्हते, ते वाचले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकतीस मेले, पाचव्या दिवशी नऊ, सातव्या दिवशी दोन. यामिनी रोज आकडा वैद्यबुवांना सांगायची.

“आजारी पडल्यावरच काहून तपासाचं?” एकदा तिने विचारलं. “दर महिन्याले एकेक धडधाकट मासा पायला त? दोरीत पहिला जिवाणू शिरला की तवाच कळन.”

“तसं सध्या कुठे करत नाहीत,” वैद्यबुवा म्हणाले. “त्याचं एक कारण असं की आतडं न फोडता पोट उघडणारे हात फार थोडे आहेत. मी निरुताबाईंच्या हाताची हालचाल नोंदवून घेतली आहे. ती शिकायला मला महिनाभर तरी लागेल. मी इथे राहिलो तर चालेल का, असं मी जिल्ह्याला विचारलं आहे.”

दहाव्या दिवशी सातव्या पिंजऱ्यात एकही मासा मेला नाही. यामिनीने चारही कोपरे दोनदा पाहिले. मोठीआईने कोपरापर्यंत हात घालून खाद्य कालवलं आणि मूठभर फेकलं, तसं पाणी उसळलं, मासे एकमेकांवर चढून तुटून पडले. तेवढ्यात होडीत ठेवलेला फोन वाजला.

“पाय वो कोनाचा हाये, माहे हात बरबटले.”

मुकादम होता. मिरचीसाठी नावं लिहून घेत होता, निरुताबाईचं लिहू का म्हणून विचारत होता. यामिनीने फोन छातीशी धरला आणि मोठीआईकडे पाहिलं. तिला विचारायची हिंमत होईना.

मोठीआईने दुसरी मूठ फेकली. ती पाण्याकडेच पाहत होती.

“सांग त्याले,” ती म्हणाली, “यंदाबी मी घरीच आहो.”